गुलाबी घालवणारा थेंब : वर्गात आम्ल-आम्लारीपासून मीठ कसं बनवायचं

पाठ्यपुस्तकात हा प्रयोग एका ओळीत संपतो. आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. फळ्यावर लिहायला अर्धं मिनिट पुरतं. प्रयोगशाळेत मात्र दोन जोडतासिका जातात, मध्ये एक-दोन दिवस खिडकीत वाट बघण्यात जातात, आणि शेवटी बशीत जे उरतं ते चिमूटभरच असतं. तरीही नववीच्या पोरांना वर्षभरातला कुठला प्रयोग लक्षात राहिला असं विचारलं, तर बहुतेक जण हाच सांगतात. आम्ल आणि आम्लारी एकत्र ओतणं कुणालाही जमतं. नेमकं कुठं थांबायचं हे कळणं, हा खरा प्रयोग.

आधी एक शब्द सोडवून घ्या

सोलापुरात शिकवताना 'क्षार' या शब्दाशी दरवर्षी माझी झटापट होते. मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ. पण आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, आणि त्या दोन्ही भाषांत, शिवाय हिंदीतही, क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्धचा पदार्थ. मराठीत ज्याला क्षार म्हणतात त्याला तिकडे 'लवण' म्हणतात. मोठ्या भावाची हिंदी माध्यमाची वही बघून आलेलं पोरगं 'आम्ल + क्षार' असं लिहितं आणि आपण त्याला चूक देतो. त्याचं चुकलेलं नसतं, भाषा बदललेली असते. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून टाका : आपल्या पुस्तकात आम्लारी म्हणजे त्यांचं क्षार, आणि आपलं क्षार म्हणजे त्यांचं लवण. पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

दुसरी गोष्ट, किराणा दुकानातलं मीठ असं बनत नाही. ते समुद्राचं पाणी मिठागरात आटवून मिळतं. 'म्हणजे कंपनीत ॲसिड ओतून मीठ करतात का मॅडम?' हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पाण्यावरून खाल्लेला मार

पहिल्या वर्षी मी हा प्रयोग शाळेच्या नळाच्या पाण्यात केला. उन्हाळ्याचे दिवस, नळाला बोअरचं पाणी. कॉस्टिकचे (सोडियम हायड्रॉक्साइड, आपली आम्लारी) दाणे विरघळवले तर द्रावण ताकासारखं पांढुरकं झालं. मला वाटलं बाटलीतला कॉस्टिक सोडाच खराब आहे. तसंच रेटलं. मीठ ०.५८ ग्रॅमच्या आसपास यायला हवं होतं, एका गटाचं ०.६४ भरलं. पोरं खूश, 'आमचं जास्त आलं!' जास्त आलं ते मीठ नव्हतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगं आधीच असतात. कॉस्टिक पडला की त्यातली काही न विरघळणारी होऊन बाहेर येतात, म्हणून गढूळपणा. उरलेली पाण्याबरोबर आटून बशीत बसतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटरच वापरते. ते नसेल तर आरओचं पाणी चालून जातं. शंका असेल तर आपलं पाणी नुसतंच ५० मिली बशीत आटवून बघा. तळाला काय उरतं ते पोरांनाही दाखवा, तो एक वेगळा धडा होतो.

द्रावणं : ही शिक्षकानेच करायची

दोन्ही द्रावणं मी ०.४ मोलर करते, म्हणजे लिटरला ०.४ मोल (मोल हे पदार्थातल्या कणांच्या संख्येचं माप). याहून तीव्र करायची गरज नाही. पोरांच्या हातात द्यायचं कॉस्टिक जितकं विरल तितकं बरं, आणि हिशोबही सोपा बसतो. २५ मिलीमध्ये बरोबर शंभरावा भाग मोल पदार्थ येतो, म्हणजे त्यातून मीठही शंभरावा भाग मोल, ५८.५ ग्रॅमचा शंभरावा हिस्सा, ०.५८५ ग्रॅम. चाळीस पोरांचे आठ गट केले तर प्रत्येक द्रावण एक लिटर पुरतं.

सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्याकडच्या डाईंगवाल्यांचा कॉस्टिक, एक लिटरला १६ ग्रॅम लागतो. दाणे कागदावर तोलू नका, ते हवेतलं पाणी ओढतात आणि कागदाला चिकटतात. जून-जुलैत तर बघता बघता घाम फुटल्यासारखे ओले होतात. छोट्या प्लास्टिकच्या वाटीत तोला, लगेच बाटलीचं झाकण लावा. अर्धा लिटर पाण्यात थोडे थोडे टाकत काचकांडीने ढवळा. चंचुपात्र हाताला चांगलंच गरम लागेल. निवू द्या, मग पाणी घालून एक लिटर करा आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवा. काचेच्या बुचाच्या बाटलीत भरलं तर काही दिवसांनी बूच असं घट्ट बसतं की बाटली फोडावी लागते.

हायड्रोक्लोरिक आम्ल प्रयोगशाळेत संहत, म्हणजे फार तीव्र, येतं, साधारण ३५ टक्क्यांचं. एक लिटरला सुमारे ३५ मिली पुरतं. आधी अर्धा लिटर पाणी घ्यायचं, त्यात आम्ल, मग परत पाणी. आम्लात पाणी कधीही नाही. एप्रिलमध्ये सोलापूरच्या प्रयोगशाळेत दुपारी या बाटलीचं बूच उघडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आत वाफ कोंडलेली असते, भस्सकन तोंडावर येते. मी हे काम सकाळी, खिडकीपाशी उभं राहून, चष्मा-हातमोजे घालून, बूच हळूहळू सैल करत उरकते. संडास साफ करायला मिळतं ते ॲसिड आणू नका. ते पिवळट असतं, त्यात लोह आणि आणखी काय काय असतं, आणि ते सगळं आपल्या मिठात उतरतं.

चष्मे पोरांनाही हवेत. कातडीवर पडलेलं पाण्याने धुता येतं, पण कॉस्टिक डोळ्यात गेलं तर फार वाईट. तसं झालं तर नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. आम्लारी लागली म्हणून वर आम्ल चोळणं हा वेडेपणा आहे. उदासिनीकरणात, म्हणजे आम्ल-आम्लारी एकमेकांना संपवतात तेव्हा, उष्णता निघते, भाजलेल्या जागी आणखी भाजेल.

'बस' कधी म्हणायचं?

हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही सगळ्यांना पडतो. एमआयडीसीतल्या डाईंगमध्ये कॉस्टिकमध्ये काढलेलं सूत नंतर सौम्य आम्लात बुडवून न्यूट्रल करतात. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रण (बुरशीवरचं फवारणीचं औषध) करताना मोरचुदाच्या आम्लधर्मी द्रावणाला चुना भेटतो. चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला शेतकरी त्यात विळा किंवा लोखंडी खिळा बुडवतो. लोखंडावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, म्हणजे आणखी चुना घाला. थर चढला नाही तर फवारायला मोकळे. खेड्यावरून येणाऱ्या पोरांनी हे घरी पाहिलेलं असतं. त्यांना म्हणायचं, तुझ्या बाबांचा विळा म्हणजेच आपला दर्शक.

आपला दर्शक फिनॉल्फथॅलीन. आम्लारीत गुलाबी, आम्लात रंगहीन. तो नसेल तर हळद : उदासीन आणि आम्लात पिवळी, आम्लारीत लाल. आमच्याकडच्या तेलुगू-कन्नड घरांत नवरा-नवरीला ओवाळताना ताटात लाल पाणी असतं ना, ते हळद-चुन्याचंच. वर्गात त्याचं नाव काढलं की अर्ध्या मुली हात वर करतात.

पहिली फेरी : अंदाजाची

ब्युरेट (खाली तोटी असलेली, मिलीच्या खुणांची उभी काचनळी) आधी पाण्याने, मग थोड्या आम्लाने विसळा. नुसतं पाण्याने विसळून भरलं तर आत राहिलेल्या थेंबांनी आम्ल आणखी विरल होतं. ब्युरेटमध्ये आम्लच भरा. कॉस्टिकने काचेची तोटी धरते. गाळणी ठेवून भरा आणि भरल्यावर गाळणी काढून टाका, नाहीतर तिच्यात अडकलेला थेंब मध्येच खाली उतरतो आणि आकडा चुकवतो. तोटी एकदा पूर्ण उघडून टोकातला हवेचा बुडबुडा घालवा.

शंकुपात्रात पिपेटने २५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. तोंडाने ओढायचं नाही, रबरी फुगा वापरा. फुगे पुरत नसतील तर औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजा आणा, छान चालतात. फिनॉल्फथॅलीनचे दोन-तीन थेंब टाका. जास्त ओतलं की रंग गडद दिसतो, पोरांना मजा वाटते, पण शेवट ओळखायला उलट अवघड जातं.

शंकुपात्राखाली पांढरा कागद ठेवा. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरवायचं. पहिल्यांदा भरभर सोडा. २६ मिलीला रंग गेला की वहीत लिहा, '२६च्या आत'. बस, पहिल्या फेरीतून एवढंच हवं.

दुसरी फेरी : थेंबाची

शंकुपात्र धुवा. ते आतून ओलं राहिलं तरी बिघडत नाही, यावर पोरांचा विश्वास बसत नाही. समजावून सांगा : पाणी वाढलं तरी कॉस्टिक तेवढंच आहे, म्हणून आम्लही तेवढंच लागणार. पुन्हा २५ मिली कॉस्टिक, पुन्हा दर्शक.

२२-२३ मिलीपर्यंत बिनधास्त सोडा. मग आम्ल जिथं पडतं तिथला गुलाबी क्षणभर पुसला जातो आणि हलवल्यावर परत भरून येतो. तो परत भरायला जास्त वेळ घेऊ लागला की तोटी जवळजवळ बंद करा. आता एकेक थेंब. प्रत्येक थेंबानंतर शंकुपात्र फिरवा आणि थांबा. शेवटी रंग इतका फिका होतो की पांढरा कागद नसेल तर दिसणारही नाही, गुलाबाच्या सरबताचा ग्लास पाण्याने विसळल्यावर जेवढा राहतो तेवढाच. आणि मग एका थेंबाने तोही जातो.

त्या क्षणी वर्गात शांतता असते आणि मग कुणीतरी ओरडतं, 'का बे, गेलं की!'

एका थेंबाने एवढा फरक कसा, हे विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. ०.४ मोलर द्रावणात, एकूण ५० मिलीत, एक थेंब आम्ल कमी असेल तर सामू (पीएच : ७ म्हणजे उदासीन, वर आम्लारी, खाली आम्ल) १०.६च्या आसपास असतो. एक थेंब जास्त झालं तर तो ३.४वर येतो. म्हणजे दोन थेंबांत सामू सात पायऱ्या उतरतो. फिनॉल्फथॅलीनचा रंग ८.२च्या खाली जातो, ७ला नाही, पण या घसरगुंडीवर तो फरक अर्ध्या थेंबाचाही नसतो. म्हणून हा दर्शक चालतो.

थेंब टोकाला लोंबकळत असेल आणि पूर्ण पडू द्यायचा नसेल, तर शंकुपात्राची कड टोकाला लावून तो टिपून घ्या आणि वरून थोडं पाणी मारून आत सारा. वाचन डोळ्यांच्या रेषेत, पाण्याच्या वक्राच्या खालच्या टोकाला. ही फेरी दोनदा करा. २४.७ आणि २४.८ असं काही आलं तर उत्तम. दोन्हींत ०.२ मिलीहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा करा. आकडा २५च्या खाली येतो त्याला कारण आहे : तोललेल्या दाण्यांत थोडं पाणी असतंच, म्हणून कॉस्टिक कागदावरच्या हिशोबापेक्षा कमी भरतं.

तिसरी फेरी : खऱ्या मिठाची

इथं बरेच शिक्षक घोटाळा करतात. वेळ संपत आला म्हणून दुसऱ्या फेरीतलंच द्रावण आटवायला घेतात. मीठ मिळतं, पण त्यात दर्शकही असतो. शुद्ध मीठ बनवलं असं मग लिहिता येत नाही.

आता दर्शक न घालता २५ मिली कॉस्टिक घ्या आणि मघाशी सापडला तेवढाच आकडा, समजा २४.७ मिली, आम्ल सोडा. रंग नाही, काही दिसत नाही, फक्त आकड्यावर विश्वास. पोरांना हे फार अवघड जातं. दोन-तीन गट गुपचूप फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकतातच.

यात मी एक थेंब आम्ल मुद्दाम जास्त घालायला सांगते. जादाचं हायड्रोक्लोरिक आम्ल आटवताना वायू होऊन पाण्याबरोबर उडून जातं, मागं मीठच राहतं. जादाचं कॉस्टिक मात्र कुठं जात नाही. ते बशीत बसतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडलं जातं, आणि मीठ ओलसर, हाताला बुळबुळीत लागतं. चुकायचंच असेल तर आम्लाच्या बाजूला चुका.

आटवणं

चिनी मातीचं बाष्पनपात्र आधी कोरडं तोलून वजन लिहून ठेवा. द्रावण त्यात ओता, निम्म्याहून जास्त भरू नका, दोन हप्त्यांत घातलं तरी चालतं. तिवई, तारेची जाळी, मंद आच. ५० मिलीचं साधारण १० मिली झालं की दिवा विझवा.

पूर्ण कोरडं करायचा मोह आवरा. शेवटी शेवटी मीठ तडतडतं आणि गरम कण बाहेर उडतात. मोहरीची फोडणी आठवा. एका वर्षी एका गटाचं मीठ ०.५२ ग्रॅमच भरलं, बाकीचं टेबलावर पांढऱ्या ठिपक्यांत पसरलेलं होतं.

गरम द्रावण निवलं की स्फटिक पडतील अशी वाट बघू नका. मोरचूद किंवा तुरटीचे तसे पडतात, मिठाचे पडत नाहीत. १०० मिली पाण्यात साध्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात फार तर ३९, म्हणजे निवल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आपलं अर्धा ग्रॅमच्या वरचं मीठ दीड मिली पाण्यातही मावतं. तेवढं पाणी उरेपर्यंत स्फटिक दिसणारच नाहीत. पाणी उडूनच जायला हवं.

त्यासाठी सोलापूरसारखी जागा नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बशी खिडकीत ठेवली की एक-दोन दिवसांत काम होतं. वर गाळणकागद झाका, नाहीतर वाऱ्याबरोबर काळी धूळ येऊन बसते. हाच प्रयोग मी एकदा ऑगस्टमध्ये घेतला आणि चार दिवस बशीत पाणीच राहिलं. वार्षिक नियोजन तुमच्या हातात असेल तर हा धडा उन्हाळ्यापर्यंत मागं ढकला.

जे उरतं ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघा, भिंग असेल तर आणखी बरं. हळू सुकलेल्या मिठाच्या कडा चौकोनी असतात, काही घनांच्या मधोमध पायऱ्या पायऱ्यांचा खळगा असतो. आचेवर घाईत कोरडं केलेलं नुसती पांढरी भुकटी. दोन्ही बश्या शेजारी ठेवल्या की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बशी पुन्हा तोला, आधीचं वजन वजा करा. ०.५५ ते ०.५९ आलं तर काम चोख झालं. जास्त आलं तर बहुधा ओल राहिली आहे, मंद आचेवर ठेवून परत तोला. चव बघायची नाही. मीठच आहे हे खरं, पण ते ज्या काचेत बनलं तिच्यात गेल्या आठवड्यात काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. खात्रीच करायची असेल तर स्वच्छ तार ओली करून मिठात बुडवा आणि ज्योतीत धरा, झगझगीत पिवळा रंग म्हणजे सोडियम. चिमूटभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून सामू कागद बुडवला तर ७च्या जवळपास दाखवायला हवा.

प्रयोगशाळा नसेल तर

पानाचा चुना चमचाभर, लिटरभर पाणी, बाटली हलवून रात्रभर ठेवा, वरची निवळी अलगद काढून घ्या. हळदीची चिमूट टाकली की लाल होईल. घरातलं व्हिनेगर पाणी घालून दहा पट विरल करा आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडत पिवळं होईपर्यंत मोजा. शंभर मिली निवळीला मूळ व्हिनेगर सहा-सात मिलीच लागतं, म्हणजे विरल केलेलं साठ-सत्तर. इथं तयार होणारा क्षार मीठ नाही, कॅल्शियम ॲसिटेट. क्षार म्हणजे फक्त जेवणातलं मीठ नव्हे, हे पोरांना यातूनच पटतं. निवळी उघडी ठेवली की वर साय धरते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, गाळून घ्या. चुन्याची पुडी पोरांच्या हातात देऊ नका. चुना डोळ्यात उडून कायमची इजा होऊ शकते.

आवरताना

उरलेलं आम्ल आणि उरलेलं कॉस्टिक एका बादलीत हळूहळू एकत्र करा, फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकून गुलाबी जाईपर्यंत आम्ल घाला, भरपूर पाणी मिसळा आणि ओता. हे काम मी शेवटच्या बाकावरच्या पोरांना देते. त्यांना तोवर चांगली सवय झालेली असते. ब्युरेट दोन-तीनदा पाण्याने धुऊन, तोटी सैल करून, उलटं टांगून ठेवा. पुढच्या तुकडीला ते त्याच दिवशी दुपारी लागतं.